वनस्पतिविज्ञानाची वार्षिक अधिवेशने

वनस्पतींचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या व्यक्तींनी वर्षातून एकदा ठरलेल्या स्थळी एकत्र जमून आपले संशोधन निबंधरूपाने मांडणे, त्यावर चर्चा करणे आणि आपल्या संस्थेचा कारभार पाहणे ह्यांसाठी भरविण्यात येणाऱ्या सभांना वार्षिक अधिवेशने म्हणतात. संशोधनपर नियतकालिके नियमितपणे निघू लागल्यावर अशा सभांची गरज उरणार नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अनुभव निराळा आहे. वाळविलेला नमुना, सूक्ष्मदर्शकाखालील छेद किंवा खडकात सापडलेले फळ ह्यांविषयीचा मतभेद पत्रव्यवहाराने वर्षानुवर्षे मिटत नाही, तो नमुना दोघांच्या हाती एकाच वेळी आला म्हणजे पुष्कळदा तासाभरात मिटतो. यूरोपात ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली व ब्रिटनमधील विज्ञानवर्धक संस्थेची पहिली सभा १८३१ मध्ये यॉर्क येथे भरली. भारतात ती येण्यास आणखी सु. ८० वर्षे लागली. प्रस्तुत नोंदीत भारतातील अशा अधिवेशनांचा इतिहास, महाराष्ट्राशी असलेला त्याचा संबंध विशेषेकरून ध्यानात घेऊन, दिला आहे.

प्रारंभ : पी. एस. मॅकमहॉन व जे. एल. सिमन्सन ह्या भारतात अध्यापन करणाऱ्या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांच्या खटपटीने इंडियन सायन्स काँग्रेसचे पहिले अधिवेशन १५ ते १७ जानेवारी १९१४ रोजी कलकत्ता (आताचे कोलकाता) येथे एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत भरले. अध्यक्षस्थानी सर आशुतोष मुखर्जी होते. १०५ शास्त्रज्ञ जमले आणि सहा विभागांत मिळून ३५ निबंध वाचले गेले. त्या सहांपैकी एक विभाग वनस्पतिविज्ञानाचा होता. आज एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालयाने भरविलेल्या चर्चासत्रातही ह्याहून अधिक निबंध असतात, हे पाहता सुरुवात किती लहान होती ह्याची कल्पना येते.

पश्चिम भारतात त्या वेळी वनस्पतींचा अभ्यास मंदावलेला मुळीच नव्हता. थिओडोर कुक ह्यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १९०१–०८ ह्या काळात प्रसिद्ध झाला होता. कुक हे मूळचे अभियंते आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. तरीही पुढील जवळजवळ शंभर वर्षे सह्याद्रीत फिरणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाच्या पिशवीत त्यांचाच ग्रंथ असे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात विल्यम बर्न्स व आर. के. भिडे, तर मुंबईच्या सेंट झेव्हिअर्स महाविद्यालयात एथेलबर्ट ब्लॅटर हे काम करीत होते. भिडे ह्यांच्या नावावरून गवताच्या एका वंशाला ‘भिडिया’ हे नाव पुढे देण्यात आले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नियतकालिक ह्या सर्वांना उपलब्ध होते. उणीव होती ती देशातील इतर प्रांतांतील वनस्पतिवैज्ञानिकांशी प्रत्यक्ष संबंधाची. मद्रासचा शैवलतज्ञ, लाहोरचा शेवाळीतज्ञ आणि पुण्याचा गवतांचा अभ्यासक हे परस्परांना केवळ नावाने ओळखत.

नागपूर, १९२० : सायन्स काँग्रेसचे सातवे अधिवेशन १९२० च्या जानेवारीत नागपूर येथे प्रफुल्लचंद्र रे ह्यांच्या अध्यक्षतेखाली झाले. वनस्पतिवैज्ञानिकांची स्वतंत्र अखिल भारतीय संस्था असावी, ह्या विचाराला तेथे मूर्त स्वरूप आले व त्याच वर्षी इंडियन बोटॅनिकल सोसायटीची स्थापना झाली. पहिले अध्यक्ष विन्फील्ड डजन हे अलाहाबादच्या यूइंग ख्रिश्चन कॉलेजातील अमेरिकन प्राध्यापक होते. मद्रासचे पी. एफ. फायसन ह्यांनी १९१९ मध्ये भारतीय वनस्पतिविज्ञानाला वाहिलेले एक नियतकालिक काढले होते. ते पुढे ह्या संस्थेचे मुखपत्र झाले. संस्थेच्या वार्षिक सभा आरंभी सायन्स काँग्रेसला जोडूनच होत. त्यामागील कारण व्यवहारी होते : दूरवरून येणाऱ्या अध्यापकाला एकाच प्रवासात दोन्ही कामे उरकता यावीत. डजन ह्यांच्या विद्यार्थ्यांपैकी पंचानन माहेश्वरी ह्यांनी पुढे दिल्ली विद्यापीठात वनस्पतिभ्रूणविज्ञानाची जगन्मान्य परंपरा उभी केली.

ह्या काळातील संघटनाकार्यात शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८८४–१९६०) ह्या मालवणात जन्मलेल्या वनस्पतिवैज्ञानिकाचा वाटा मोठा आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना त्यांना सह्याद्रीतील नद्यांत गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला व त्या शोधामुळे त्यांचे नाव प्रथम सर्वतोमुखी झाले. तो प्राणिविज्ञानातील होता, ही गंमतीची गोष्ट. कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिविज्ञानाच्या अध्यासनावर नेमणूक झाल्यावर ते १९१४ मध्ये जर्मनीस गेले, महायुद्धामुळे तेथे स्थानबद्ध झाले आणि बर्लिनची डॉक्टरेट मिळवून १९२० मध्ये परतले. सायन्स काँग्रेसचे सरचिटणीस म्हणून त्यांनी काही वर्षे काम केले. निबंध मागविणे, गोषवारे छापून घेणे, प्रतिनिधींच्या निवासाची सोय पाहणे अशा कामांची विज्ञानाच्या इतिहासात नोंद होत नाही, पण ती कोणी तरी केल्यावाचून अधिवेशन भरत नाही. निवृत्तीनंतर १९४६ मध्ये त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संशोधनसंस्था उभारली; १९९२ पासून तिच्या संशोधनसंस्थेस त्यांचे नाव देण्यात आले आहे.

जीवाश्मांचा वाद : अधिवेशनांतून विज्ञान कसे पुढे सरकते, ह्याचे महाराष्ट्राच्या भूमीशी निगडित असलेले उत्तम उदाहरण म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या वयाचा वाद. लाव्ह्याच्या एका प्रवाहानंतर दुसरा येईपर्यंतच्या शांततेच्या काळात तळी व दलदली निर्माण झाल्या, त्यांत वनस्पतींचे अवशेष गाडले गेले आणि पुढे त्यांचे सिलिकेत रूपांतर झाले. असे थर नागपूरच्या आसपास असल्याचे स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर ह्या मिशनऱ्यांनी १८५० नंतरच्या दशकात दाखवून दिले होते. १९३३ मध्ये के. पी. रोडे ह्यांनी तत्कालीन मध्य प्रांतातील छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान येथे सापडलेल्या फळांच्या जीवाश्मांविषयी टिपण प्रसिद्ध केले. त्यांत खाड्यांच्या काठी वाढणाऱ्या नीपा ह्या ताडासारख्या वनस्पतीचे फळ होते. आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या ह्या प्रदेशात खाडीची वनस्पती असणे, हेच मोठे नवल होते. बिरबल साहनी व रोडे ह्यांनी १९३७ मध्ये ह्या अवशेषांचे एकत्रित वर्णन केले.

भूवैज्ञानिकांपैकी पुष्कळांचे मत दख्खनचे लाव्हा क्रिटेशस कल्पातील आहेत, असे होते. साहनींनी ताडवर्गीय वनस्पती, नीपा, ॲझोला हे जलनेचे आदींच्या साक्षीवरून ते त्यानंतरच्या तृतीय कल्पाच्या प्रारंभीचे असावेत, असे प्रतिपादन केले व मद्रास येथील १९४० च्या अधिवेशनात सर्वसाधारण अध्यक्ष म्हणून केलेल्या भाषणाचा विषयच हा ठेवला. एका वनस्पतिवैज्ञानिकाने भूविज्ञानाच्या प्रांतात जाऊन, सर्व विभागांचे श्रोते समोर असताना, असा दावा मांडणे हे नियतकालिकातील लेखाने साधले नसते. अलीकडील किरणोत्सर्गी कालमापनानुसार ह्या लाव्ह्याचे बहुतेक उद्रेक सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दहा लाख वर्षांहून कमी काळात, दोन्ही कल्पांच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे झाले. म्हणजे दोन्ही पक्षांना सत्याचा काही अंश गवसला होता. साहनींच्या पुराव्यातील नीपाचे अवशेष क्रिटेशस थरांतही असल्याचे नंतर इतरत्र आढळले, त्यामुळे त्या एका मुद्द्याचे बळ कमी झाले. त्यांच्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवरून मात्र त्यांचा तर्क बिनचूक होता.

ह्याच थरांतील आणखी एक प्रकरण सांगण्याजोगे आहे. साहनींनी एका कोड्यात टाकणाऱ्या फळाचे वर्णन करून त्याला ‘एनिग्मोकार्पॉन परिजाई’ हे नाव दिले. नागपूरचे व्ही. बी. शुक्ल ह्यांनी १९४४ मध्ये त्याच परिसरातील एका अश्मीभूत फुलाचे ‘साहनीअँथस परिजाई’ म्हणून वर्णन केले. दोन स्वतंत्र नावे, दोन स्वतंत्र वनस्पती. नागपूरच्याच श्या. चितळे ह्यांनी १९५५ मध्ये ह्या फुलाविषयी अधिक माहिती प्रसिद्ध केली आणि ह्या प्रकारच्या अभ्यासांतून फूल व फळ एकाच, मेंदीच्या कुलातील, वनस्पतीचे असल्याचे स्पष्ट झाले. जीवाश्मांच्या अभ्यासात मूळ, खोड, फूल व फळ सुटे सुटे आणि निरनिराळ्या व्यक्तींच्या हाती येतात. त्यांची जुळणी होण्यास ती माणसे एका जागी यावी लागतात. चितळे पुढे अमेरिकेत क्लीव्हलंड येथील निसर्गेतिहास संग्रहालयात गेल्या व तेथील पुरावनस्पतिविज्ञान विभाग त्यांनी उभारला. साहनींची १९५० च्या स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिविज्ञान काँग्रेसच्या सन्मान्य अध्यक्षपदी निवड झाली होती. पण लखनौच्या पुरावनस्पतिविज्ञान संस्थेची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी बसविली गेल्यावर आठवड्याभरातच, १० एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले.

अध्यक्ष व त्यांचे विषय : मुंबईत १९२६, १९६० व १९६९ मध्ये भरलेल्या अधिवेशनांचे सर्वसाधारण अध्यक्ष अनुक्रमे अल्बर्ट हॉवर्ड, प्राणकृष्ण परिजा व अमरचंद जोशी हे तिघेही वनस्पतींचे अभ्यासक होते. हॉवर्ड ह्यांनी पुसा येथील प्रदीर्घ कामानंतर होळकर संस्थानातील इंदूर येथे नवी संस्था काढली होती. पिकाचा अभ्यास रोग, कीड, माती असे तुकडे पाडून करण्यास त्यांचा विरोध होता. त्यांच्या कंपोस्ट खताच्या ‘इंदूर पद्धती’ला आज सेंद्रिय शेतीच्या चळवळीत मानाचे स्थान आहे, तत्कालीन कृषिखात्यांनी त्यांच्या मतांची फारशी दखल घेतली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

विभागीय अध्यक्षांची भाषणे सर्वसाधारण अध्यक्षांच्या भाषणांइतकी प्रसिद्धी पावत नाहीत. तथापि त्यांतील काहींचे महत्त्व अधिक टिकाऊ ठरले. आग्र्याचे करमचंद मेहता ह्यांचे १९२९ च्या मद्रास अधिवेशनातील वनस्पतिविज्ञान विभागापुढील भाषण गव्हावरील तांबेऱ्याच्या वार्षिक पुनरागमनाविषयी होते. मैदानी प्रदेशातील कडक उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजुक जिवंत राहू शकत नाहीत. मग दर हिवाळ्यात रोग येतो कोठून? उत्तरेस हिमालयात व दक्षिणेस निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत, आपोआप उगवलेल्या व बिनहंगामी गव्हावर रोग तग धरतो आणि बीजुक वाऱ्याबरोबर खाली येतात, असे मेहतांनी वर्षानुवर्षांच्या निरीक्षणांवरून दाखविले. हा प्रश्न केवळ विद्वानांचा नव्हता. नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे १९३२ मध्ये गव्हाचे संशोधन केंद्र सुरू झाले, तेव्हा तांबेरा हाच त्याच्यापुढील मुख्य शत्रू होता.

सहभागाचे स्वरूप : अधिवेशन सर्वसाधारणपणे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भरे. निबंधाचा गोषवारा काही महिने आधी पाठवावा लागे. निबंधवाचनास दहा-पंधरा मिनिटे मिळत, त्यांत चित्रकाचा (काचपट्टीवरील चित्र पडद्यावर दाखविणारे साधन) दिवा लावण्यातच एखाद-दोन जात. प्रतिनिधींची सोय बहुधा वसतिगृहांत केली जाई. जिल्ह्याच्या गावी एकट्याने वनस्पतिविज्ञान शिकविणाऱ्या, ग्रंथालयात चालू नियतकालिक न येणाऱ्या महाविद्यालयातील अध्यापकाला ह्या चार-पाच दिवसांचे मोल विद्यापीठातील प्राध्यापकाहून अधिक होते. आपल्या तालुक्यातील अनोळखी वनस्पतीचा नमुना कागदात गुंडाळून आणावा, तज्ञाला दाखवावा, आणि ती खरोखरच नवी आहे की कुकच्या ग्रंथातच अन्य नावाने नोंदलेली आहे हे जाणून घ्यावे. ह्यासाठी दुसरा स्वस्त मार्ग नव्हता. एखाद्या शंकेचे निरसन होऊन नमुना संग्रहात शिरला, की तो अध्यापक नकळत त्या शास्त्राच्या कारभारात सामील होई. सेंट झेव्हिअर्समधील ब्लॅटर ह्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह, आघारकर संस्थेतील संग्रह आणि भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या पुणे येथील पश्चिम मंडलाचा (स्थापना १९५५) संग्रह हे पुष्कळ अंशी अशा अनेकांच्या पिशव्यांतून वाढले आहेत. महाराष्ट्रातील वनस्पतींचे सर्वेक्षणाने काढलेले खंड १९९६ ते २००१ ह्या काळात प्रसिद्ध झाले, त्यांचा पायाही तोच.

स्वातंत्र्यानंतर विषयाच्या शाखा वाढल्या, तशा संस्थाही. पुरावनस्पतिविज्ञान (१९४६), वनस्पतिरोगविज्ञान (१९४७), वनस्पतिआकारविज्ञान (१९५१), वनस्पतिक्रियाविज्ञान (१९५८) ह्यांच्या स्वतंत्र संस्था निघाल्या आणि प्रत्येकीची वेगळी अधिवेशने भरू लागली. आवृतबीज वनस्पतींच्या वर्गीकरणासाठी १९९० मध्ये कालिकत येथे अशीच संस्था निघाली. इंडियन बोटॅनिकल सोसायटीनेही आपले अधिवेशन सायन्स काँग्रेसपासून वेगळे केले. तज्ञांना समानधर्मी श्रोते मिळू लागले हा लाभ झाला. साहनींनी १९४० मध्ये ज्या मिश्र श्रोत्यांपुढे आपला वाद नेला, तसे श्रोते मात्र कोणालाच उरले नाहीत.

सायन्स काँग्रेसचा पसारा दरम्यान हजारो प्रतिनिधींपर्यंत गेला. उद्घाटनास पंतप्रधान येण्याचा प्रघात पडला, त्याने विज्ञानास प्रतिष्ठा मिळाली आणि चर्चेस वेळ कमी मिळू लागला. मुंबईतील २०१५ च्या अधिवेशनात प्राचीन विमानविद्येविषयी केलेल्या दाव्यांना जी प्रसिद्धी मिळाली, ती वनस्पतिविज्ञानातील एकाही निबंधाला मिळाली नाही. नोबेल पारितोषिक विजेते व्ही. रामकृष्णन ह्यांनी २०१६ मध्ये ह्या मेळाव्यास सर्कशीची उपमा दिली. टीका कठोर आहे. परंतु ती करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी लहान गावांतील अध्यापकांना दुसरे व्यासपीठ कोणते, ह्याचा विचार केलेला दिसत नाही. १९१४ पासून २०२० पर्यंत एकही वर्ष न चुकता १०७ अधिवेशने भरली. दोन महायुद्धे व फाळणीनेही ही साखळी तुटली नाही. कोविडच्या साथीमुळे २०२१ व २०२२ मध्ये ती प्रथमच खंडित झाली. १०८ वे अधिवेशन जानेवारी २०२३ मध्ये नागपूरला, म्हणजे जेथे वनस्पतिवैज्ञानिकांच्या संस्थेचा विचार शंभर वर्षांपूर्वी पुढे आला त्याच शहरात, भरले. त्याच वर्षी केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने आपले अर्थसाहाय्य काढून घेतले आणि जानेवारी २०२४ चे नियोजित अधिवेशन झाले नाही.

भाषेचा प्रश्न : ह्या सर्व अधिवेशनांचे कामकाज इंग्रजीत चालत आले आहे. नव्या वनस्पतीचे वर्णन तर १९३५ पासून लॅटिनमध्येच देणे बंधनकारक होते. २०११ मध्ये मेलबर्न येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय काँग्रेसने लॅटिन किंवा इंग्रजी असा पर्याय १ जानेवारी २०१२ पासून खुला केला. ही आंतरराष्ट्रीय काँग्रेस १९०० मध्ये पॅरिसला सुरू झाली व २०२४ मध्ये माद्रिद येथे भरली. भारतात ती अद्याप एकदाही भरलेली नाही. मराठीपुरते पाहता, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची वार्षिक अधिवेशने मराठीतून होतात, पण त्यांचा हेतू विज्ञानप्रसाराचा आहे, मूळ संशोधन मांडण्याचा नाही.

नाशिक परिसर : अधिवेशनाला जोडून वनस्पतिसंग्रहाची सहल काढण्याची प्रथा जुनी आहे आणि अनेक अभ्यासकांच्या मते अधिवेशनाचा तोच सर्वांत उपयुक्त भाग होय. ह्या दृष्टीने नाशिकचा परिसर अनुकूल आहे. जिल्ह्याच्या पूर्वेस निफाड व पिंपळगाव बसवंत येथील गहू व कांद्याची संशोधन केंद्रे आहेत. खरीप हंगामातील ‘एन-५३’ हा लाल कांद्याचा प्रकार निफाडचाच. पश्चिमेस त्र्यंबकेश्वरकडे जाणारा रस्ता सातपूरवरून जातो. सातपूर हे पूर्वी नाशिकलगतचे शेतीप्रधान गाव होते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक महानगरपालिकेत त्याचा अंतर्भाव झाला. कारखाने मागे पडले की अर्ध्या-पाऊण तासात अंजनेरीचा डोंगर लागतो. जिल्ह्यातील वनस्पतींवरील ग्रंथ भारतीय वनस्पति सर्वेक्षणाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे येथील वनस्पतींची मोजदाद पुरी झाली असे मानता आले असते. त्यानंतर सु. पंधरा वर्षांनी, २००६ च्या सुमारास, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील श्रीरंग यादव व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच डोंगरावरून कंदीलपुष्पाची एक नवी जाती वर्णिली व तिला ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ हे नाव दिले. अंजनेरीचा हा भाग २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला.

कंदीलपुष्पाचा कंद जमिनीत वर्षभर असतो. त्यावरचे नाजूक खोड व फूल मात्र पावसाळ्यातच दिसते आणि हिवाळा सुरू होण्यापूर्वी वाळून जाते. सह्याद्रीच्या कातळसड्यांवरील बहुसंख्य क्षणजीवी वनस्पतींचे असेच आहे. जानेवारीत भरणाऱ्या अधिवेशनांना आलेल्या प्रतिनिधींना हे सडे उघडे व करडे दिसले असतील. त्यामुळे येथील नव्या जातींचे शोध मुख्यतः जून ते ऑक्टोबरमध्ये पावसात भिजत डोंगर चढणाऱ्या स्थानिक अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी लावले, आणि अधिवेशनात ते पोहोचले ते वाळविलेल्या नमुन्यांच्या व रंगीत चित्रांच्या रूपाने.